नियोजित वसाहती आणि मिश्र वापराचे प्रकल्प: महाराष्ट्राच्या एकत्रीकृत विकास नियमावलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमीनमालक, गृहनिर्माण संस्था, छोटे बिल्डर आणि फ्लॅट घेणारे, या चौघांचे प्रश्न वरकरणी वेगवेगळे असतात, पण फिरून त्याच चार-पाच कलमांशी येऊन थांबतात. ती कलमे व्यवहारात कशी चालतात आणि प्रस्ताव कुठे अडकतात, हे इथे सांगितले आहे. नियमावलीत वरचेवर दुरुस्त्या होतात. त्यामुळे आकडा वापरण्याआधी अद्ययावत प्रत उघडून तो पडताळावा. छापील पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीवर विसंबून नकाशे काढणारे अजूनही भेटतात.

ही नियमावली नेमकी कुठे लागू आहे?

राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ मंजूर केली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्याआधी प्रत्येक महापालिकेचे, नगरपालिकेचे आणि प्रादेशिक योजनेचे नियम वेगळे होते. पुण्यात चालणारा नकाशा नाशिकला चालत नसे. आता पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, तसेच नगरपालिका आणि प्रादेशिक योजनांची क्षेत्रे एकाच पुस्तकाखाली आली आहेत.

काही क्षेत्रे मात्र बाहेर आहेत. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द, एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिका, लोणावळा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रे यांना ती लागू होत नाही. मुंबईसाठी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे. गोव्यात २०१० ची भू-विकास व इमारत बांधकाम नियमावली चालते, तिथले झोन आणि एफएआरचे (म्हणजे आपल्याकडच्या एफएसआयचे, प्लॉटच्या किती पट बांधता येते त्याचे) गणित संपूर्ण वेगळे आहे. तेव्हा सावंतवाडीचा हिशेब पेडण्याच्या जमिनीला लावू नये.

आमची जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, हे कसे कळेल?

नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्यावा. अर्जाला सात-बारा किंवा मिळकत पत्रिका आणि गटाचा नकाशा जोडावा लागतो. दाखल्यात तीन गोष्टी बघाव्यात: झोन, आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) आणि रस्ता. झोन निवासी आहे एवढे वाचून लोक थांबतात, आणि त्याच गटाच्या कोपऱ्यातून जाणारा डीपी (विकास योजनेतला) रस्ता पुढे नकाशा काढताना सापडतो.

निवासी झोनचे आर-१ आणि आर-२ असे दोन प्रकार आहेत, आणि प्लॉट कोणत्या रुंदीच्या रस्त्यावर आहे यावरून ते ठरतात. आर-१ मध्ये रोजच्या गरजेची दुकाने, दवाखाना, शिकवणी असे मर्यादित वापर चालतात. आर-२ मध्ये दुकाने, कार्यालये, बँका, हॉटेल अशी यादी बरीच वाढते.

प्लॉटचे क्षेत्र सात-बाऱ्यावरचे धरायचे की मोजणीचे?

दोन्हींपैकी जे कमी असेल ते. प्रस्ताव परत येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. सात-बाऱ्यावर ५२ गुंठे, भूमी अभिलेखच्या मोजणीत ४९, आणि जागेवरच्या तारेच्या कुंपणात ५४ असा प्रकार सर्रास दिसतो. कुंपणातल्या जास्तीच्या जागेवर एफएसआय मिळत नाही, उलट शेजाऱ्याची हरकत मिळते.

म्हणून वास्तुविशारदाला काम देण्याआधी हद्दकायम मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात घ्यावी. मोजणीच्या दिवशी लगतचे खातेदार हजर असतील असे बघावे आणि खुणांच्या जागी लगेच दगड किंवा काँक्रीटचे खांब रोवावेत. चुन्याची रेघ एका पावसात जाते. जोते तपासणीला अभियंता येतो तेव्हा तो याच खांबांपासून टेप लावतो.

सगळे जण आधी रस्त्याची रुंदीच का विचारतात?

कारण एफएसआय, वापर, उंची आणि पुढचे मार्जिन (इमारतीपुढे सोडायची मोकळी जागा) या चारही गोष्टी तिच्यावर ठरतात. महापालिका क्षेत्रात, गावठाण आणि दाट वस्तीबाहेरच्या निवासी प्लॉटसाठी मूळ एफएसआय १.१० आहे. त्यावर प्रीमियमने (पैसे भरून) आणि टीडीआरने (सार्वजनिक कामाला दिलेल्या जागेच्या मोबदल्यात मिळणारे, विकता येणारे बांधकाम हक्क) किती चढवता येईल हे रस्ता सांगतो:

९ मी. पेक्षा कमी रस्ता: मूळ १.१०, वर काही नाही.
९ ते १२ मी. पेक्षा कमी: प्रीमियम ०.५०, टीडीआर ०.४०, एकूण २.००.
१२ ते १५ मी. पेक्षा कमी: प्रीमियम ०.५०, टीडीआर ०.६५, एकूण २.२५.
१५ ते २४ मी. पेक्षा कमी: प्रीमियम ०.५०, टीडीआर ०.९०, एकूण २.५०.
२४ ते ३० मी. पेक्षा कमी: प्रीमियम ०.५०, टीडीआर १.१५, एकूण २.७५.
३० मी. आणि पुढे: प्रीमियम ०.५०, टीडीआर १.४०, एकूण ३.००.

नगरपालिका आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रांसाठी वेगळा, कमी आकड्यांचा तक्ता आहे. दाट वस्तीच्या जुन्या गावभागाचा तक्ताही वेगळा.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला फरक पुन्हा वाचावा. ८.५ मी. आणि ९ मी. रस्त्यांत अर्ध्या मीटरचे अंतर आहे, पण बांधकाम १.१० वरून २.०० वर जाते. म्हणून जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात समोरासमोरच्या प्लॉटधारकांनी थोडी थोडी पट्टी सोडून रस्ता ९ मी. करून घेण्याचे प्रयत्न होतात. त्यात एका बाजूचा एकच बंगलेवाला अडून बसला की अख्खी गल्ली १.१० वर राहते. ‘रस्ता नऊचा होणार आहे’ या तोंडी आश्वासनावर सोसायटीने बिल्डरशी करार करू नये. रस्तारेषा आखणीचा मंजूर आदेश आधी बघावा.

एक उदाहरण घेऊन हिशेब सांगाल का?

समजा, दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकेत ५,००० चौ.मी.चा प्लॉट आहे, १८ मी. रस्त्यावर, आरक्षण नाही, डीपी रस्ता जात नाही.

मूळ १.१० ने ५,५०० चौ.मी. प्रीमियम ०.५० ने २,५००. टीडीआर ०.९० ने ४,५००. बेरीज १२,५०० चौ.मी. यावर निवासी वापरासाठी ६० टक्के अनुषंगिक क्षेत्र (बाल्कनी, जिने वगैरेंसाठीचे; पुढच्या प्रश्नात सांगितले आहे), म्हणजे ७,५००. एकूण २०,००० चौ.मी.

यातले २,००० चौ.मी. दुकानांना आणि कार्यालयांना द्यायचे ठरवले तर त्या भागाला अनुषंगिक क्षेत्र ८० टक्के मिळते. मग निवासी १०,५०० चे १६,८०० आणि व्यापारी २,००० चे ३,६००, मिळून २०,४०० चौ.मी.

प्लॉटमधून डीपी रस्ता किंवा आरक्षण जात असेल तर मूळ एफएसआय उरलेल्या निव्वळ क्षेत्रावर निघतो. सोडलेल्या जागेचा मोबदला टीडीआर म्हणून किंवा त्याच प्लॉटवर वापरायच्या एफएसआयच्या रूपात मिळतो. ती जागा प्राधिकरणाच्या नावावर चढवल्याशिवाय मोबदला हातात येत नाही, आणि या फेरफाराला महिनोन्‌महिने लागू शकतात. वेळापत्रकात ते आधीच धरावेत.

अनुषंगिक क्षेत्र म्हणजे काय? बाल्कनी आता मोफत नाही का?

नाही. पूर्वी बाल्कनी, जिना, लिफ्टचा खड्डा, पॅसेज, गच्ची यांना कुठे मोफत, कुठे प्रीमियम भरून सूट असे. त्यातून पळवाटा निघायच्या: नकाशात कोरडी बाल्कनी, ताब्यानंतर खोली. आता इमारतीच्या बाहेरच्या कडेने रेषा काढतात, तिला पी-लाइन म्हणतात. तिच्या आतले सगळे क्षेत्र मोजतात आणि त्याबदल्यात ६० किंवा ८० टक्के अनुषंगिक क्षेत्र प्रीमियम भरून मिळते. मोजणीबाहेर राहतात ती ठरावीक कलमे: पार्किंगचे मजले, पोडियम (इमारतीखालचा पसरट मजला), आश्रयस्थान (आग लागल्यास थांबायची मोकळी जागा) वगैरे.

जुना तक्ता डोक्यात ठेवून ‘बाल्कनी फ्री’ म्हणून फ्लॅटचे आकार काढले की एकूण पी-लाइन हातातून निसटते आणि शेवटच्या मजल्याला कात्री लागते. दुसरी बाजू अशी की ६० टक्के वापरलेच पाहिजे असे बंधन नाही. प्रीमियम वापरलेल्या क्षेत्राचाच भरावा लागतो. जिने-लिफ्ट आटोपशीर बसवले तर हे पैसे वाचतात.

इमारतीभोवती किती जागा सोडायची?

१५ मी. पर्यंतच्या इमारतींसाठी प्लॉटचा आकार आणि रस्ता यांवरून ठरलेला तक्ता आहे. त्यावरच्या उंचीला बाजूचे आणि मागचे मार्जिन उंचीच्या पाचव्या भागाएवढे लागते. ३० मी. उंचीला ६ मी., ४५ मी.ला ९ मी. निवासी इमारतीला याची कमाल मर्यादा १२ मी. आहे.

अरुंद प्लॉटवर खरी अडचण इथे येते. २४ मी. रुंदीच्या प्लॉटवर ४५ मी. उंच इमारत उभी करायची तर दोन्ही बाजूंचे ९-९ मीटर जाऊन मध्ये ६ मी. उरतात. त्यात जिना, लिफ्ट आणि फ्लॅट बसत नाहीत. कागदावर एफएसआय २.५० असला तरी प्लॉटची रुंदी तो वापरू देत नाही. जमीन घेताना दर चौरस फुटाच्या भावाआधी प्लॉटची रुंदी विचारावी.

शिवाय अग्निशमन गाडी फिरण्याचा मार्ग वेगळा बघावा लागतो. उंच इमारतीभोवती किमान ६ मी. मोकळा, गाडीचे वजन पेलणारा रस्ता आणि वळणाला ९ मी. त्रिज्या हवी. मार्जिनमध्ये ट्रान्सफॉर्मर, कुंड्या, सुरक्षारक्षकाची खोली आणि दुचाक्यांचे शेड टाकले की नकाशातले ६ मी. जागेवर ३.५ होतात, आणि अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला तिथेच अडतो.

खुली जागा किती आणि कशी ठेवायची?

४,००० चौ.मी. आणि त्याहून मोठ्या प्लॉटला १० टक्के मनोरंजनाची खुली जागा. आपल्या उदाहरणात ५०० चौ.मी. ती उरल्यासुरल्या कोपऱ्यांत विभागून दाखवता येत नाही. एकेक तुकडा किमान २०० चौ.मी.चा हवा, फार लांबट पट्टी चालत नाही, आणि तिथे पोचायला स्वतंत्र वाट हवी. मार्जिनची जागा यात मोजत नाहीत.

खुल्या जागेत क्लब हाउस, व्यायामशाळा किंवा वाचनालय बांधता येते, पण १५ टक्क्यांच्या मर्यादेत: १० टक्के तळमजल्यावर, ५ टक्के पहिल्या मजल्यावर. ही जागा सगळ्या रहिवाशांची असते. तिची वेगळी विक्री होत नाही. ‘गार्डन फेसिंग’ म्हणून जास्त पैसे घेऊन त्याच बागेतला तुकडा तळमजल्याच्या फ्लॅटला खासगी अंगण म्हणून दिला असेल तर तो व्यवहार टिकत नाही.

सुविधा क्षेत्र म्हणजे हीच खुली जागा का?

वेगळी. सुविधा क्षेत्र शाळा, दवाखाना, भाजी मंडई, अग्निशमन केंद्र अशा सार्वजनिक गरजांसाठी असते. विकास योजनेच्या क्षेत्रात २०,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या जागेला ५ टक्के ठेवावे लागते, त्याखाली नाही. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात उंबरठा आणि टक्केवारी निराळी आहे.

छोट्या घरांची अट कोणाला?

दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौ.मी. व त्यावरच्या प्रकल्पांना. मूळ एफएसआयच्या २० टक्के क्षेत्र ३० ते ५० चौ.मी.च्या घरांसाठी बांधावे लागते. आपल्या उदाहरणात ५,५०० चे २० टक्के, म्हणजे १,१०० चौ.मी. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून ठरलेल्या दराने जातात आणि हे क्षेत्र एफएसआयच्या वर मिळते. मुख्य इमारतींचे भोगवटा प्रमाणपत्र या घरांशी बांधलेले आहे. ती शेवटच्या टप्प्यात ढकलली की तयार झालेल्या महागड्या इमारतीचा ताबा अडतो.

जिना, मीटर आणि पार्किंग सुरुवातीपासून स्वतंत्र आखले तर पुढे देखभाल खर्चाचे भांडण टळते. मोठ्या टॉवरच्या जलतरण तलावाचा खर्च ३५ चौ.मी.च्या घरावर टाकायचा का, हा वाद सोसायटी झाल्यावर सुटत नाही.

खाली दुकाने, वर घरे असा प्रकल्प करताना काय सांभाळायचे?

इथे नियमाइतकेच, किंबहुना जास्त, आखणीचे महत्त्व आहे. मिश्र इमारती नियमात बसतात आणि तरीही पाच वर्षांत भांडणाचे घर होतात. त्याची कारणे ठरलेली.

पहिले, प्रवेश. दुकानांचे गिऱ्हाईक रस्त्यावरून यावे आणि रहिवाशांचे दार बाजूच्या रस्त्यावर किंवा निदान वेगळ्या फाटकातून असावे. जिना आणि लिफ्ट वरच्या घरांसाठी स्वतंत्र ठेवावीत. कार्यालये पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतील तर त्यांची लिफ्ट तिथेच संपावी. एकाच लिफ्टने डेंटिस्टचे पेशंट आणि सातव्या मजल्यावरचे आजोबा जायला लागले की सुरक्षेची कुरबुर पहिल्याच महिन्यात सुरू होते.

दुसरे, खाद्यपदार्थांची दुकाने. दुकानाचा गाळा विकताना तिथे उपाहारगृह येणार की नाही हे कोणी ठरवत नाही. मग धुराड्याची नळी शयनगृहाच्या खिडकीशेजारून वर जाते. इमारत काढतानाच एक-दोन गाळ्यांसाठी गच्चीपर्यंत जाणारी उभी नळ-जागा राखावी, त्या गाळ्यांच्या सांडपाण्याला तेल-चरबी अडवणारा चौकोनी टाका बसवावा, आणि बाकीच्या गाळ्यांच्या करारात ‘स्वयंपाक नाही’ असे लिहावे. टाका नसला की तेल मैलापाणी प्रक्रिया केंद्रात जाते, तिथले जिवाणू मरतात आणि वास सगळ्या सोसायटीला येतो.

तिसरे, माल उतरवण्याची जागा. टेम्पो कुठे उभा राहील हे नकाशात दिसले पाहिजे. दिसत नसेल तर तो रहिवाशांच्या फाटकात उभा राहणार.

चौथे, मीटर, पाण्याच्या टाक्या आणि कचरा वेगळे. दुकानाच्या वीज-पाण्याचा दर व्यापारी असतो. टाकी एकच असेल तर पाणीपट्टीची विभागणी कधीच पटत नाही.

पाचवे, दुकानांच्या पाट्या. पाटीची पट्टी गाळ्याच्या दर्शनी भागातच आखून द्यावी, नाहीतर पहिल्या मजल्याच्या बाल्कनीचा कठडा पाट्यांखाली जातो.

पार्किंगचा हिशेब कसा करतात?

घराच्या चटई क्षेत्रानुसार गाड्या-दुचाक्यांचा तक्ता आहे. पाहुण्यांसाठी ५ टक्के जास्त धरतात. मोटारीची जागा २.५ मी. × ५ मी., लहान गाडीची २.३ मी. × ४.५ मी., दुचाकीची १ मी. × २ मी.

चुका बहुतेक खांबांत होतात. दोन खांबांमधले मोकळे अंतर ५ मी. असेल तर दोन गाड्या बसतात. वास्तुविशारदाने मध्य ते मध्य ५ मी. धरले आणि खांब ४५ सेंमी. जाडीचा आला तर मोकळे ४.५५ उरतात. तिथे दोन गाड्या उभ्या राहतात, पण दारे उघडत नाहीत. स्ट्रक्चरल नकाशा आल्यावर पार्किंगचा नकाशा पुन्हा काढावा. हे बरेच जण टाळतात.

रॅम्पचे तसेच. १:८ उतार धरला तरी ३.६ मी. खाली जायला २८.८ मी. लांबी लागते, आणि वर-खाली सपाट होणारा टप्पा वेगळा. तो टप्पा वगळला की गाडीचे पोट घासते. अपंगांसाठीच्या रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. तो तळमजल्यावर शेवटी जागा उरली तर, असा विचार करून बसत नाही.

पार्किंग विकण्याबद्दल: सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधले) पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही असे सांगितले. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यात उघडे पार्किंग सामाईक क्षेत्रात मोडते.

मेट्रो स्टेशनजवळ वेगळे नियम आहेत का?

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरात मेट्रोलगत टीओडी (सार्वजनिक वाहतुकीला धरून दाट विकासाचे) क्षेत्र आहे. तिथे एफएसआय ४.०० पर्यंत जातो, पण सर्वांना नाही. रस्ता रुंद आणि प्लॉट मोठा असेल तरच वरची पायरी मिळते. बदल्यात आखणीच्या अटी कडक आहेत. रस्त्याकडेला कुंपणभिंत बांधता येत नाही. पुढच्या मार्जिनचा अर्धा भाग, किमान ३ मी., पादचाऱ्यांसाठी खुला ठेवावा लागतो. जुन्या वळणाचे ग्राहक ‘गेट नाही?’ म्हणून बिचकतात. पण तळमजल्यावरच्या दुकानांना हा पदपथच गिऱ्हाईक आणून देतो.

एकात्मिक नगर वसाहत प्रकल्पाला किती जमीन लागते?

किमान ४० हेक्टर, म्हणजे सुमारे १०० एकर, सलग. मूळ एफएसआय १.००, आणि प्रीमियम भरून ४० ते २०० हेक्टरला ७० टक्के, २०० ते ५०० हेक्टरला ८० टक्के, त्यापुढे १०० टक्के जादा. शाळा, दवाखाना, बाजार, बागा, पाणी, मैलापाणी, रोजगाराची जागा हे सगळे प्रवर्तकाने उभे करायचे. शेती झोनमध्येही हा प्रकल्प येऊ शकतो, पण वनजमीन, पाणथळ जागा, सिंचनाचे लाभक्षेत्र असे निर्बंध आहेत.

‘सलग’ या शब्दावर बरेच प्रस्ताव पडतात. मध्ये एक गट विकत मिळाला नाही किंवा वारसांचा दावा चालू असला की जमिनीचे दोन तुकडे होतात. हडपसरची मगरपट्टा सिटी आणि सिंहगड रस्त्यावरचे नांदेड सिटी इथे शेतकऱ्यांनी आपापली शेते एकत्र केली, म्हणून सलग जमीन मिळाली. बाहेरच्या खरेदीदाराला तीच जमीन गटागटाने गोळा करावी लागते आणि शेवटचा गट सगळ्यात महाग पडतो.

नदी, नाला, वीजवाहिनी किंवा रेल्वे जवळ असेल तर?

पाटबंधारे विभागाचा पूररेषा नकाशा आधी बघावा. त्यात नदीकडची पूररेषा निळी आणि बाहेरची लाल असते. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा बांधकामाला बंद. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मी. वर हवे. सांगली, कोल्हापूरच्या लोकांना २०१९ नंतर हे समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात मात्र नाल्याकाठचे प्लॉट अजूनही ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकले जातात.

११ केव्ही वाहिनीपासून आडवे १.२ मी. आणि उभे ३.७ मी., ३३ केव्हीपासून आडवे २ मी. अंतर हवे. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मी.च्या आत ना-हरकत लागते. विमानतळाच्या परिसरात उंचीची परवानगी विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशावरून ठरते, ती आधी काढावी.

पर्यावरण मंजुरी कधी लागते?

बांधकाम क्षेत्र २०,००० चौ.मी. किंवा जास्त झाले की. १,५०,००० चौ.मी. किंवा ५० हेक्टर ओलांडले की टाउनशिपचा वरचा वर्ग. इथे बांधकाम क्षेत्र म्हणजे एफएसआयमधले क्षेत्र नव्हे, तर तळघर, पार्किंग, सेवा मजले धरून सगळे आच्छादित बांधकाम.

आपल्या उदाहरणातला प्लॉट एफएसआयच्या हिशेबाने १२,५०० चौ.मी.चा, अनुषंगिक धरून २०,००० चा आणि पार्किंगचे मजले मिळवल्यावर त्याहून बराच मोठा. पहिल्या बैठकीत ‘साडेबारा हजारच आहे, ईसी (पर्यावरण मंजुरी) लागत नाही’ असे म्हणणारा सल्लागार बदलावा. मंजुरीआधी काम सुरू झाले तर पुढे दंड आणि खटला दोन्ही मागे लागतात.

पाणी आणि सांडपाणी किती धरायचे?

माणशी रोज १३५ लिटर. २०० फ्लॅट, घरटी पाच माणसे, म्हणजे १,३५,००० लिटर. त्याच्या ८० टक्के, १,०८,००० लिटर मैलापाणी. प्रक्रिया केंद्र तेवढ्या क्षमतेचे लागते, पण पहिल्या वर्षी तीस घरांत माणसे आली तर तेच केंद्र उपाशी राहून बंद पडते. दोन समान भागांत बांधले तर एक भाग आधी चालवता येतो. ५,००० चौ.मी.वरच्या बंदिस्त वसाहतींना घनकचरा नियम २०१६ ने कचरा वेगळा करून ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणे बंधनकारक केले. त्यासाठीची जागा पाण्याच्या टाकीशेजारी दाखवू नये.

परवानगीचा क्रम काय?

कागदपत्रे, मोजणी आणि झोन दाखला जमले की ले-आउट, मग इमारत नकाशे. दोन्ही ऑनलाइन प्रणालीतून सादर होतात. नकाशात प्रस्तावित काम लाल, पाडायचे पिवळे, खुली जागा हिरवी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाल्याचे मानता येते, पण प्रस्ताव नियमात तंतोतंत बसत असेल तरच. या तरतुदीच्या भरवशावर खोदकाम सुरू करणे म्हणजे स्वतःहून नोटीस ओढवून घेणे.

प्रमाणपत्र एक वर्ष चालते, पुढे दरवर्षी नूतनीकरण करून जास्तीत जास्त आणखी तीन वर्षे. नकार आला तर ४० दिवसांत शासनाकडे अपील. जोत्यापर्यंत काम आले की तपासणी, तिचा दाखला, मग वरचे मजले. शेवटी अग्निशमन, लिफ्ट, पाणी-मैलापाणी यांचे दाखले जोडून भोगवटा प्रमाणपत्र. बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर सुरुवातीलाच भरायचा असतो.

छोट्या प्लॉटला एवढेच सोपस्कार?

नाही. १५० चौ.मी. पर्यंत अधिकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा सादर करून शुल्क भरले की काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौ.मी.ला दहा दिवसांत परवानगी. जबाबदारी मात्र सही करणाऱ्यावर येते, म्हणून चांगले अभियंते प्लॉट स्वतः मोजल्याशिवाय सही करत नाहीत.

उंच इमारतीत आश्रयस्थान कुठे हवे?

२४ मी. उंचीनंतर पहिले, पुढे दर १५ मी.ला. ते मोकळे आणि रस्त्याकडेला हवे. ताबा मिळाल्यावर तिथे पत्र्याचे शेड घालून सोसायटीचे ऑफिस थाटणे हा राज्यभरचा आवडता प्रकार आहे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुना परवानाधारक संस्थेकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो, आणि तो घेणे सोसायटीचे काम आहे.

गुंठ्याचा प्लॉट किंवा परवानगीविना झालेले बांधकाम नियमित होते का?

गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला वाढवली. अनधिकृत बांधकामांच्या प्रशमनासाठी (दंड घेऊन नियमित करण्यासाठी) ३१ डिसेंबर २०१५ ही मर्यादा आहे. आरक्षणातले, पूररेषेतले किंवा रस्त्यातले बांधकाम मुदतीतले असले तरी सुटत नाही.

फ्लॅट घेताना नियमावलीच्या दृष्टीने काय तपासायचे?

५०० चौ.मी. पेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प महारेराकडे (रेरा कायद्याखालचे राज्याचे प्राधिकरण) नोंदलेला असायलाच हवा. संकेतस्थळावरून मंजूर ले-आउट आणि इमारत नकाशा उतरवून घ्यावा आणि माहितीपत्रकाशेजारी ठेवावा. माहितीपत्रकातला तलाव मंजूर नकाशात नसेल, किंवा नकाशात ‘भविष्यातील इमारत’ असा चौकोन तुमच्या खिडकीसमोर असेल, तर ते बुकिंगआधी दिसले पाहिजे. टीडीआर अजून चढवायचा बाकी असेल तर मजले वाढणार हे गृहीत धरावे.

मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. करारनाम्यातच आगाऊ संमतीचे एक वाक्य टाकलेले असते, बहुतेकदा ‘प्रवर्तकाला योग्य वाटतील ते बदल’ अशा शब्दांत. ते काढून मागावे, निदान कोणत्या इमारतीत किती मजले वाढतील हे आकड्यांत लिहून घ्यावे. भोगवटा प्रमाणपत्र अंशतः असेल तर ते कोणत्या मजल्यापर्यंत आहे ते वाचावे. ‘ओसी आली आहे’ असे सांगितले जाते, आणि ती सातव्या मजल्यापर्यंतची असताना तुमचा फ्लॅट अकराव्यावर असतो.